पांढऱ्या गोळीमागचा माणूस

पावसाळा ओसरला, की माळावरचे गवत गुडघ्याएवढे होते, त्याला तुरे येतात आणि कित्येक घरांत सकाळच्या शिंकांचा रतीब सुरू होतो. कुणाला सलग दहा, कुणाला वीस. डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते, नाक वाहून वाहून लाल होते. ताप नसतो, अंग मोडून आलेले नसते, तरी माणूस बेजार होतो. मग स्वयंपाकघरातल्या कपाटातला औषधांचा डबा काढला जातो. त्यात अर्धी वापरलेली एक स्ट्रिप असते. गोळी एवढीशी, बहुधा पांढरी. कुणी सांगते, ही घेऊ नकोस, दिवसभर पेंगशील. दुसरे कुणी सांगते, केमिस्टकडे नवी मिळते, तिने झोप येत नाही. आजोबांचा आग्रह असतो, की डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गोळीच खरी. दुकानातून हात पुढे करून आणलेली ती कसली गोळी!

दर वर्षी होणारा हा संवाद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की या गोळीलाही एक जन्मकथा असेल, तिच्यामागे कुणी एक माणूस असेल, हे मनात येत नाही. असा माणूस होता. डॅनिएल बोव्हे हे त्याचे नाव. जन्माने स्विस, कर्माने आधी फ्रेंच आणि पुढे इटालियन. १९५७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला एकट्याला मिळाले. त्याची गोष्ट ऐकली, तर घरातल्या त्या संवादाचे उत्तरही बऱ्याच अंशी हाती लागते.

आधीची शंभर वर्षे

बोव्हेच्या आधी या दुखण्याचा पाठलाग करणारे दोन इंग्रज डॉक्टर होऊन गेले. दोघेही स्वतःच त्याने पिडलेले. जॉन बोस्टॉक यांना लहानपणापासून दर उन्हाळ्यात नाक आणि डोळ्यांचा त्रास होई. १८१९ साली त्यांनी लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच होते. पुढे नऊ वर्षे शोधून त्यांना असे आणखी अठ्ठावीस रुग्ण सापडले. कारण मात्र त्यांना उमगले नाही. दोष उन्हाचा आणि उष्म्याचा असावा असे त्यांना वाटले. लोक मात्र वाळल्या गवताच्या गंजीला दोष देत होते. त्यातूनच ‘हे फीवर’ हे नाव रूढ झाले. खरे तर त्यात गवताची गंजीही नाही आणि तापही नाही.

दुसरे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली. त्यांनी निरनिराळ्या वनस्पतींचे पराग गोळा करून स्वतःच्या नाकात घातले, त्वचेवर ओरखडा काढून त्यावर चोळले, चिकट काचा लावलेले पतंग उडवून हवेत उंचावर किती पराग आहेत ते मोजले. १८७३ साली त्यांनी पुस्तक लिहून सांगून टाकले, की गुन्हेगार पराग आहे. गुन्हेगार सापडला, पण तो शरीराच्या आत जाऊन नेमके काय करतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१० साली हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी लेडलॉ यांनी हिस्टामिन या द्रव्याचा अभ्यास सुरू केला. हे द्रव्य प्राण्याला टोचले, की श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैलावतात, सूज येते. वावड्याचा झटका आलेल्या प्राण्याचे जे होते, तेच हुबेहूब. १९२७ मध्ये हेही सिद्ध झाले, की हिस्टामिन आपल्याच पेशींमध्ये साठवलेले असते. परागकण ही फक्त काडी. दारूचा साठा घरातलाच!

शत्रू घरातला निघाला, तर त्याला आवरायचे कसे? बोव्हेची कथा या प्रश्नापाशी सुरू होते.

शिक्षकाचे घर

डॅनिएलचा जन्म २३ मार्च १९०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल या गावी झाला. वडील पिएर बोव्हे हे शिक्षणशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. जिनिव्हात १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रूसो इन्स्टिट्यूटचे ते पहिले संचालक. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे झाँ पियाजे पुढे याच संस्थेत नावारूपाला आले. पिएर बोव्हे शांततावादी होते. सगळ्या जगाची एक सोपी भाषा असावी म्हणून तयार झालेल्या एस्परांतोचे ते पुरस्कर्ते होते, आणि तेही नुसते व्यासपीठावरचे नव्हेत. त्यांच्या घरातली मुले फ्रेंचच्या जोडीने एस्परांतो बोलतच वाढली. लहानपणापासून ही भाषा येणाऱ्या जगातल्या थोड्या लोकांत डॅनिएलची गणना होते.

अशा घरात मुलाला पैशाचे आकर्षण वाटेल तरी कसे? ज्ञान ही वाटण्याची वस्तू आहे, साठवण्याची नव्हे, हा संस्कार त्या घराने त्याला दिला असावा. पुढच्या आयुष्यातल्या त्याच्या वागण्याचा उलगडा तरी त्यानेच होतो. जिनिव्हा विद्यापीठात तो जीवशास्त्र शिकला आणि १९२९ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. विषय प्राणिशास्त्राचा. औषधांशी तोवर त्याचा संबंध नव्हता. त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो पॅरिसच्या पास्चर इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक म्हणून रुजू झाला.

पॅरिस: लाल रंग आणि पांढरी भुकटी

तिथले औषधी रसायनांचे खाते एर्नेस्त फूर्नो यांच्या हाताखाली होते. फूर्नो हे फ्रान्समधल्या या शास्त्राचे अग्रणी. त्या काळी नव्या औषधांच्या बाबतीत जर्मन कारखाने साऱ्या जगाच्या पुढे होते. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचे एक जर्मन औषध कारखान्याने गुप्त ठेवले होते. फूर्नो यांनी ते स्वतःच्या प्रयोगशाळेत उकलले आणि १९२४ मध्ये त्याची रचना जाहीर करून टाकली. फ्रान्सच्या १८४४ च्या कायद्यानुसार औषधावर पेटंट घेता येत नसे. त्यामुळे अशा उकलीला तिथे अडसरही नव्हता. तरुण बोव्हे या वातावरणात तयार झाला. रसायनतज्ज्ञांनी नवे नवे पदार्थ बनवायचे, त्यांना क्रमांक द्यायचा, पुढे फूर्नोंच्या नावातला ‘एफ’ लावायचा, आणि त्यांचा प्राण्यांवर काय परिणाम होतो ते बोव्हेने पाहायचे.

१९३५ च्या फेब्रुवारीत जर्मनीचे गेरहार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल नावाच्या लाल रंगाची करामत प्रसिद्ध केली. बाळंतरोगापासून विषारी जखमांपर्यंत अनेकांचे बळी घेणारे जंतू या रंगाने आटोक्यात येत होते. एक कोडे मात्र सुटत नव्हते. हा रंग जिवंत उंदराच्या शरीरात जंतूंना नामोहरम करी. काचेच्या नळीत मात्र त्याच जंतूंवर त्याचा काही परिणाम होत नसे.

पास्चर इन्स्टिट्यूटमध्ये चौघे या कोड्यामागे लागले: झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे रसायनतज्ज्ञ पतिपत्नी, जंतुतज्ज्ञ फेदेरिको नित्ती आणि बोव्हे. प्रोंटोसिलसारखे वेगवेगळे रंग बनवून ते उंदरांवर पाहत होते. त्यातच प्रोंटोसिलचा एक तुकडा, म्हणजे रंग नसलेली साधी पांढरी भुकटी, त्यांनी काही उंदरांना दिली. ते उंदीर वाचले. उलगडा झाला. शरीर त्या लाल रंगाचे दोन तुकडे करते आणि खरे काम करतो तो रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड. रंग हा नुसता अंगरखा होता! आणि ही भुकटी तर १९०८ सालीच एका रसायनतज्ज्ञाने बनवून ठेवलेली होती. तिच्यावरच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली होती. त्यामुळे ती कुणीही, कुठेही, स्वस्तात बनवू शकत होते. १९३५ च्या नोव्हेंबरात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि महागड्या लाल गोळीचा गर्व एका पानात उतरला.

वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या शिंकांच्या गोळीच्या बाबतीत साठ वर्षांनी तीच पुन्हा घडणार होती.

याच काळात बोव्हेच्या आयुष्यात फेदेरिकोची बहीण आली. फिलोमेना नित्ती स्वतः शास्त्राची अभ्यासक. तिचे वडील फ्रान्चेस्को साव्हेरियो नित्ती १९१९-२० मध्ये इटलीचे पंतप्रधान होते; मुसोलिनीच्या राजवटीत देश सोडून हे कुटुंब पॅरिसला आश्रयाला आले होते. १९३८ मध्ये डॅनिएल आणि फिलोमेना यांचा विवाह झाला. हा संसार अखेरपर्यंत प्रयोगशाळेतही तितकाच एकत्र चालला. दोघांच्या नावाने निबंध निघाले, १९४८ मध्ये दोघांच्या नावाने औषधांची रचना आणि मज्जासंस्था यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. नोबेल मात्र एकालाच मिळाले. त्या काळातल्या किती तरी शास्त्रज्ञ पत्नींच्या वाट्याला आले, तेच फिलोमेनाच्याही आले.

कुलूप आणि चुकीची किल्ली

हिस्टामिनकडे बोव्हे वळला तो एका साध्या विचाराने. शरीरात संदेश पोहोचवणारी जी द्रव्ये त्या वेळी ठाऊक होती, त्यांपैकी दोघांना अडवणारे पदार्थ माहीत होते. ॲसिटिलकोलीनला धोत्र्याच्या कुळातल्या वनस्पतींतले ॲट्रोपिन अडवते. ॲड्रेनलिनला अडवणारा एक पदार्थ खुद्द फूर्नोंच्या खात्यात तयार झाला होता. मग हिस्टामिनला अडवणारे काही का नसावे? निसर्गात तर असे काही सापडलेले नव्हते. म्हणजे ते माणसालाच घडवावे लागणार होते.

कल्पना समजायला अवघड नाही. पेशीवर एक कुलूप असते. हिस्टामिनची किल्ली त्यात बसली, की कुलूप उघडते आणि शिंका, खाज, सूज सुरू होते. आता त्या कुलपात दुसरीच एक किल्ली सरकवून ठेवायची. अशी, की जी आत बसेल पण फिरणार नाही. खरी किल्ली आली, तरी तिला जागाच मिळणार नाही. दाराशी हिस्टामिन आहे, पण दार उघडत नाही.

१९३७ मध्ये बोव्हेने ॲन-मारी स्टॉब या तरुण विद्यार्थिनीला बरोबर घेऊन फूर्नोंच्या खात्यात बनलेले पदार्थ चाळायला घेतले. गिनीपिग हा प्राणी हिस्टामिनला फार हळवा. त्याला ते टोचले, की श्वासनलिका आवळून तो काही मिनिटांत गुदमरून मरतो. ९२९ एफ क्रमांकाचा पदार्थ आधी दिलेले गिनीपिग मात्र मारक मात्रा टोचूनही जिवंत राहिले. हिस्टामिनला अडवणारा जगातला पहिला पदार्थ सापडला होता.

पण तो माणसाला देता येत नव्हता, कारण तो फार विषारी होता. इथे दुसरा एखादा निबंध लिहून थांबला असता. बोव्हे थांबला नाही. १९३७ ते १९४१ या चार वर्षांत त्याने कमी विषारी जोड शोधण्यासाठी सुमारे तीन हजार प्रयोग केले. ही वर्षे कोणती, हेही पाहायला हवे. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. अन्नाची टंचाई, कोळशाची टंचाई, रात्रीची संचारबंदी. १९४३ मध्ये सासरे नित्ती यांना जर्मनांनी पकडून ऑस्ट्रियात नेले. युद्ध संपेपर्यंत ते कैदेत होते. अशा दिवसांत कुणाच्या शिंका थांबवण्याचा शोध लावत बसणे थट्टेचे वाटावे. पण दम्याने, गांधींनी, वावड्याच्या झटक्यांनी हैराण होणाऱ्यांचे प्राण युद्धाने काही सुटत नव्हते.

या वाटेवरचे पहिले माणसाला देता येण्याजोगे औषध १९४२ मध्ये बर्नार हाल्पर्न यांच्या हातून आले. त्याचे नाव अँटर्गान. १९४४ मध्ये बोव्हे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अधिक चांगले मेपिरामिन आणले. एकदा वाट दिसल्यावर अटलांटिकच्या पलीकडूनही गर्दी झाली. अमेरिकेत डायफेनहायड्रामिन निघाले, पाठोपाठ क्लोरफेनिरामिन आले. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली ‘एव्हिल’ ही याच कुळातली. या सगळ्या गोळ्या १९३७ च्या त्या ९२९ एफच्या नाती-पणत्या आहेत.

गुंगीची गोष्ट

या पहिल्या पिढीला एक खोड होती. ती मेंदूत शिरे. हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागे ठेवण्याचे काम करते; तिथलेही कुलूप या किल्लीने अडवले, की डोळ्यांवर झापड येते. शिवाय ही किल्ली थोडी ओबडधोबड होती. ती शेजारच्या कुलपांतही अडके. म्हणून तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे, नजर धूसर होणे हे त्रास होत. आजही या जुन्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना जपून द्याव्यात असे डॉक्टर सांगतात, त्याचे कारण हेच. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, तर अधिकच जपून.

एकाचा दोष कधी कधी दुसऱ्याचे औषध होतो. प्रोमेथाझिन या गोळीची गुंगी पाहून फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच धाग्याने पुढे जात १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन बनवले, आणि १९५२ पासून वेड्यांच्या इस्पितळांत साखळ्यांऐवजी औषध आले. शिंकेची गोळी शोधायला निघालेली वाट मनोरुग्णांच्या दारापर्यंत पोहोचली.

रोमची वर्षे

१९४७ मध्ये बोव्हे दाम्पत्य रोमला गेले. इटलीच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे प्रमुख दोमेनिको मारोत्ता यांनी त्यांना बोलावून घेतले होते. पेनिसिलीनवाले एर्न्स्ट चेनही पाठोपाठ तिथे आले. बोव्हेने इटलीचे नागरिकत्व घेतले आणि नवा विषय हाती घेतला: कुरारी. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांच्या टोकांना लावतात ते विष. त्याने स्नायू लुळे पडतात. पोटाच्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल असले, तर सर्जनचे काम सोपे होते आणि भुलीचे औषध कमी लागते. पण निसर्गातले कुरारी कधी सौम्य तर कधी जालीम निघे. बोव्हेने मोजून मापून देता येतील असे कृत्रिम पर्याय शोधले. १९४९ मध्ये त्याने सक्सिनिलकोलीनचा हा गुण दाखवून दिला. गंमत अशी, की हा पदार्थही १९०६ पासून ठाऊक होता. त्याच्याकडे या नजरेने कुणी पाहिले नव्हते. आजही शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांच्या हाताशी ते असते.

१९५७ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, नोबेल पारितोषिक आले. हिस्टामिनला अडवणारी औषधे आणि स्नायू सैलावणारी औषधे या दोन्हींचा त्यात उल्लेख होता. बोव्हेने आपल्या शोधांवर स्वतःच्या नावाचे पेटंट घेतले नाही. त्याच्या किल्लीवर जगभरच्या कारखान्यांनी गडगंज पैसा मिळवला; तो मात्र पगारी शास्त्रज्ञच राहिला.

काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चिठ्ठीवरची गोळी आणि बिनचिठ्ठीची गोळी हा भेद आला कुठून? अमेरिकेत १९४९-५० च्या सुमारास हिस्टामिनविरोधी गोळ्या सर्दीवरचा रामबाण उपाय म्हणून दुकानांतून सर्रास विकल्या जाऊ लागल्या. जाहिरातींचा पूर आला. साध्या सर्दीवर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. कारण ती विषाणूंनी होते, परागांनी नव्हे. १९५१ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून औषधांचे दोन भाग स्पष्टपणे पाडले. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेणे सुरक्षित नाही ती औषधे चिठ्ठीवर, बाकीची थेट. कायदा मांडणारे कार्ल डरहॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री हे दोघेही मूळचे औषधविक्रेतेच. हम्फ्री पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले.

म्हणजे हा भेद जोरदार आणि सौम्य असा नव्हेच. तो आहे देखरेखीची गरज असण्या-नसण्याचा. शिवाय तो कायमचाही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत टर्फेनाडिन ही गुंगी न आणणारी पहिली गोळी आली, तीही चिठ्ठीवर. त्यामुळे पुढची काही वर्षे विचित्र चित्र दिसले. पेंग आणणाऱ्या जुन्या गोळ्या कुणीही उचलून घ्याव्यात आणि गाडी चालवावी. शुद्ध जागी ठेवणाऱ्या गोळीसाठी मात्र डॉक्टरांची फी भरावी! पण टर्फेनाडिनमध्येही काटा निघाला. काही प्रतिजैविके किंवा बुरशीवरची औषधे बरोबर घेतली, की ती रक्तात साचे आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडत. देखरेखीची अट उगाच नव्हती. १९९८ मध्ये तिला अमेरिकेच्या बाजारातून काढण्यात आले.

आणि इथे १९३५ ची गोष्ट पुन्हा घडली. टर्फेनाडिन ही गोळी शरीरात गेली, की यकृत तिचे रूप बदलते; खरे काम ते बदललेले रूपच करते, आणि त्या रूपाला हृदयाचा तो धोका नाही. तेच रूप वेगळे काढून फेक्सोफेनाडिन या नावाने १९९६ मध्ये आले. लाल अंगरखा उतरवून पांढरी भुकटी हाती घ्यावी, तसे. सेटिरिझिनची कथाही हीच. हायड्रॉक्सिझिन या जुन्या गुंगीच्या औषधाचे ते शरीरात बनणारे रूप.

अमेरिकेत लोराटाडिन १९९३ मध्ये चिठ्ठीवर आले आणि २००२ च्या अखेरीस बिनचिठ्ठीचे झाले. सेटिरिझिन २००७ मध्ये, फेक्सोफेनाडिन २०११ मध्ये त्याच वाटेने गेले. गोळी तीच, मात्रा तीच. एका रात्रीत ती काउंटरच्या आतून बाहेर आली. तिची ताकद त्या रात्री कमीही झाली नाही आणि वाढलीही नाही. तेव्हा आजोबांना आदराने सांगावे लागेल, की चिठ्ठीवरची म्हणून ती अधिक खरी, असे काही नाही.

पण आजोबा अगदीच चुकतात असेही नव्हे. आपल्याकडे हिस्टामिनविरोधी द्रव्ये औषध नियमांच्या ‘जी’ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे ठरू शकते अशी सूचना वेष्टनावर असते. ती बारीक अक्षरे आपण वाचत नाही एवढेच. चिठ्ठीत गोळीच्या नावाबरोबर एक प्रश्नोत्तरही असते: आणखी कोणती औषधे चालू आहेत, मूत्रपिंड ठीक आहे का, दिवस गेले आहेत का, गाडी चालवता का? दुकानातून गोळी आणताना हे प्रश्न आपले आपल्यालाच विचारावे लागतात.

म्हणून घरापुरते काही लक्षात ठेवावे. कामावर जाणाऱ्याने, गाडी चालवणाऱ्याने, परीक्षेला बसणाऱ्याने जुनी गुंगीची गोळी टाळावी. लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन बरी, सेटिरिझिनने काहींना थोडी पेंग येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, ती नीट शोषली जात नाही. साधे पाणी उत्तम. सर्दीच्या ‘सगळ्यावर एकच’ गोळीत बहुधा आणखी दोन-तीन औषधे असतात. रक्तदाब असणाऱ्यांनी ती डोळे मिटून घेऊ नये. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनिलएफ्रिन यांचे मिश्रण देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढला. मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून बाळाला देण्याची आपली सवय सुटायला हवी. नाक वाहण्यापेक्षा चोंदणेच जास्त असेल, तर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी पडतो. पण तो रोज, काही दिवस नेटाने वापरावा लागतो. आणि शिंकांबरोबर छातीत सूं-सूं वाजू लागले, धाप लागू लागली, तर मात्र कपाटातला डबा बंद करून डॉक्टरांकडे जावे. तिथे प्रश्न शिंकांचा राहिलेला नसतो.

शत्रूही ओळखून ठेवावा. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज देशभर पसरले आहे. त्याचे पराग नाकालाही सोसत नाहीत आणि त्याच्या नुसत्या स्पर्शाने कित्येकांच्या कातडीवर पुरळ उठते. ते फुलण्याआधी उपटले, तर काही गोळ्या वाचतील. उपटताना हातमोजे घालावेत.

उरलेली संध्याकाळ

नोबेलनंतर बोव्हे सत्कारांत रमला नाही. १९६४ मध्ये तो सार्डिनिया बेटावरच्या सास्सारी विद्यापीठात शिकवायला गेला. १९६९ मध्ये रोमला परतून मन आणि मेंदू यांवर औषधांचा परिणाम अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. उंदीर कसे शिकतात, काय लक्षात ठेवतात, एका कुळातले उंदीर चटकन आणि दुसऱ्यातले सावकाश का शिकतात, हे तो पाहत बसे. मुले कशी शिकतात याचा विचार करण्यात ज्याच्या वडिलांचे आयुष्य गेले, तो फिरून फिरून त्यांच्याच प्रश्नापाशी आला होता. १९८२ मध्ये तो निवृत्त झाला. ऐंशी उलटल्यावर, १९८८ मध्ये, त्याने सल्फा औषधांच्या शोधाची आठवण सांगणारे पुस्तक लिहिले. तरुणपणाच्या त्या लाल रंगाचा आणि पांढऱ्या भुकटीचा त्याला विसर पडला नव्हता. ८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. दोन वर्षांनी फिलोमेनाही गेली.

त्याचे नाव कुठल्याही स्ट्रिपवर छापलेले नाही. पण उद्या पहाटे शिंकांची सर सुरू होईल, कपाटातला डबा उघडेल आणि घरात पुन्हा तोच संवाद होईल, तेव्हा गोळी चिठ्ठीवरची की बिनचिठ्ठीची एवढेच विचारून थांबू नये. ती कोणते कुलूप अडवते, आणखी कुठे अडकते आणि ज्याला द्यायची त्याला ते चालेल का, हे विचारावे. ९२९ एफ गिनीपिगला वाचवते, हे दिसल्यावरही तीस वर्षांचा एक संशोधक ती माणसाला द्यायला तयार झाला नव्हता. हा शेवटचा प्रश्न त्याने चार वर्षे आणि तीन हजार वेळा विचारला होता.